संशोधन, सामान्य वाचक आणि मराठी गद्य : हडपसरच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आपला प्रबंध कोणासाठी लिहितो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे झाल्यास ते 'परीक्षकांसाठी' असेच द्यावे लागेल. त्यात गैर काही नाही. परीक्षक हा विषयाचा जाणकार असतो. त्याला प्रमाणे हवी असतात, पूर्वसूरींचा परामर्श हवा असतो आणि पद्धतीचा तपशील तर हवाच असतो. परंतु ज्या गावाची, ज्या पिकाची किंवा ज्या रोगाची माहिती गोळा करून तो प्रबंध सिद्ध झाला, त्या गावापर्यंत, त्या शेतकऱ्यापर्यंत वा त्या रोग्यापर्यंत त्यातील काय पोहोचते, हा प्रश्न यानंतरही शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात या शिल्लक राहिलेल्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. सामान्य वाचकासाठी लिहिणे म्हणजे शोधनिबंधातील अवघड भाग गाळून उरलेला भाग मराठीत आणणे, अशी पुष्कळांची समजूत असते. अशा लेखनात अवघड भागाबरोबर नेमका महत्त्वाचा भागही गळतो, आणि वाचकाच्या हाती केवळ निष्कर्षाचे टरफल येते. सामान्य वाचक हा अडाणी वाचक नव्हे. तो दुसऱ्या एखाद्या विषयातील जाणकार असतो. गुऱ्हाळ चालविणारा, हिशेब लिहिणारा, रुग्णालयात परिचर्या करणारी, भाजीचा लिलाव पुकारणारा, हे सारे आपापल्या क्षेत्रात पुरावा पारखूनच निर्णय घेत असतात. त्यांना आपल्या विषयाची परिभाषा ठाऊक नसते, इतकेच. हा भेद ज्याने मनाशी पक्का केला, त्याचे निम्मे काम झाले असे समजावयास हरकत नाही.

याचे उदाहरण शोधण्यासाठी पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. सोलापूर रस्त्यावरील हडपसर आणि त्याला लागून असलेली मांजरी हा परिसर एके काळी कालव्याच्या पाण्यावरील बागायती गावांचा परिसर होता. तेथे गेल्या शतकात संशोधनाची आणि औषधनिर्मितीची मोठमोठी केंद्रे उभी राहिली. सिरम इन्स्टिट्यूट ही संस्था १९६६ साली हडपसर येथे स्थापन झाली. घोड्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वातावरील प्रतिविष तयार करणे हे तिचे आरंभीचे काम. तिच्या नावातील 'सिरम' हा शब्द तेथूनच आलेला आहे. (हडपसरमध्ये मात्र हा शब्द रक्तद्रव या अर्थाने कोणी वापरीत नाही, तेथे 'सिरम' म्हणजे कारखाना, आणि 'सिरमला लागला' म्हणजे नोकरी मिळाली.) ऊस व साखर यांवर संशोधन करणारी संस्था १९७५ मध्ये निघाली, आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने मांजरीस आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून तेथेच आहे. म्हणजे शास्त्र आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये येथे एका कुंपणाच्या भिंतीपेक्षा अधिक अंतर नाही. तरीही ती भिंत किती उंच असू शकते, याचा अनुभव २०२०-२१ च्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सर्वांनाच आला.

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोविशील्ड लशीच्या पेट्या घेऊन ट्रक मांजरीहून विमानतळाकडे निघाले आणि १६ जानेवारीस देशभर लसीकरणास आरंभ झाला. लस हडपसरच्या परिसरात तयार झालेली. परंतु तिच्या परिणामकारकतेचा मुख्य पुरावा ब्रिटन व ब्राझील येथील चाचण्यांतून आलेला, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्रजीतून प्रसिद्ध झालेला. मराठी वाचकापर्यंत त्या निबंधातील एकच आकडा पोहोचला : ७० टक्के.

आता 'टक्के' हा शब्द मराठी माणसास शाळेत भेटतो त्याहून अधिक बाजारात भेटतो. शेकडा इतकी आडत, शेकडा इतके व्याज, शंभर क्रेट टोमॅटोंपैकी इतके खराब. बाजारातील टक्का हा नेहमी समोर असलेल्या मालाचा हिस्सा असतो. त्यामुळे '७० टक्के परिणामकारक' याचा अर्थ शंभर जणांनी लस टोचून घेतली तर ७० जण वाचतील व ३० जण आजारी पडतील, असा लावणाऱ्यास मूर्ख म्हणता येणार नाही. आपल्या भाषेत टक्क्याचा जो अर्थ रूढ आहे, त्याच अर्थाने त्याने तो घेतला. चूक होती ती हा आकडा कशाचा हिस्सा आहे हे न सांगणाऱ्या लेखनाची.

मूळ निबंधातील आकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल. या विश्लेषणात ११,६३६ व्यक्ती होत्या. त्यांपैकी ५,८०७ जणांना ही लस दिली होती. ५,८२९ जणांना निराळीच लस किंवा नुसते मिठाचे पाणी टोचलेले होते. दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस उलटल्यानंतरच्या काळात लस घेतलेल्या गटात ३० जणांना लक्षणांसह कोविड झाल्याचे आढळले. तुलनेच्या गटात १०१ जणांना. बाजारातील टक्क्याचा अर्थ खरा असता तर लस घेतलेल्यांपैकी सुमारे १,७४० जण आजारी पडावयास हवे होते. पडले तीस. ज्या ठिकाणी लशीवाचून हजारी सतरा माणसे आजारी पडली, त्या ठिकाणी लशीमुळे हजारी पाचच पडली. सतराचे पाच झाले, म्हणजे आजार सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. हे चार ओळींचे काम आहे. त्यासाठी उच्च गणित लागत नाही, आणि वाचकास भागाकार येतो एवढे गृहीत धरणे पुरेसे आहे.

पण येथे लेखकाची जबाबदारी संपत नाही, कारण हजारी सतरा आणि हजारी पाच हे आकडे एकटे दिले तर वाचक उलट्या बाजूस झुकण्याचा संभव असतो. 'हजारांत बाराच जणांचा लाभ, मग एवढा खटाटोप कशाला' असे तो म्हणेल. आणि असे म्हणणारे त्या काळी भेटतही असत. त्याला सांगावयाची गोष्ट अशी की, सतरा हा आकडा त्या चाचणीतील मर्यादित काळाचा व त्या वेळच्या साथीच्या जोराचा आहे. साथ भडकली म्हणजे लस न घेतलेल्यांतील सतराचे सत्तर होतील, काळ वाढला म्हणजेही तो आकडा वाढेल. परंतु दोन गटांमधील प्रमाण बहुतांशी तसेच राहण्याचा संभव असतो. प्रमाण एका गावाहून दुसऱ्या गावास नेता येते, संख्या नेता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रमाणाची भाषा बोलतात. सामान्य वाचकासाठी लिहिताना दोन्ही द्यावीत, आणि हे कारणही द्यावे. आपल्या शास्त्रातील एखादी रीत तशी का आहे, हे वाचकास कळले की त्या शास्त्रावरील त्याचा विश्वास नुसत्या निष्कर्षाने वाढतो त्याहून पुष्कळ अधिक वाढतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच उदाहरणाचा आणखी एक पदर आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी, २३ नोव्हेंबर २०२० रोजी, जे प्रसिद्धिपत्रक निघाले त्यात ९० टक्के, ६२ टक्के आणि सरासरी ७० टक्के असे तीन आकडे होते. वर्तमानपत्रांना साहजिकच नव्वदाचा मोह पडला. ज्यास हिशेबाची सवय आहे अशा वाचकाला मात्र वेगळीच शंका यावी : ९० आणि ६२ यांची सरासरी ७६ होते, ७० कशी? उत्तर सोपे आहे. दोन्ही गट सारख्या आकाराचे नव्हते. ज्या गटास दोन पूर्ण मात्रा मिळाल्या, त्यात लस घेतलेल्यांपैकी २७ व तुलनेच्या बाजूस ७१ जण आजारी पडले. ज्या लहान गटास पहिली मात्रा अर्धीच मिळाली, त्यात हेच आकडे ३ आणि ३० असे होते. सत्तावीस व तीन मिळून तीस. एकाहत्तर व तीस मिळून एकशेएक. बेरीज जुळते. पण नव्वद टक्क्यांचा डोलारा अवघ्या तेहतीस रुग्णांवर उभा आहे, त्या गटात ५५ वर्षांवरील एकही व्यक्ती नव्हती, आणि अर्धी मात्रा हा आरंभीचा बेत नसून मात्रेच्या मोजणीतील फरकामुळे ती तशी दिली गेली, या तीन गोष्टी पहिल्याच निवेदनात ठळकपणे आल्या असत्या, तर पुढील आठवड्यांत जी उलटसुलट चर्चा झाली तिचे निम्मे कारण उरले नसते. आपल्या पुराव्यातील कच्चा दुवा आपणच आधी दाखविणे हे लेखनाच्या दृष्टीनेही हिताचे असते. तो दुसऱ्याने दाखविला म्हणजे पक्क्या दुव्यांवरही संशयाची छाया पडते.

पुढे मात्रांमधील अंतराचा प्रश्न आला. आरंभी दुसरी मात्रा चार ते सहा आठवड्यांनी घ्यावी असे सांगण्यात आले. मार्चमध्ये ती सहा ते आठ आठवड्यांनी घेणे अधिक बरे असे सांगण्यात आले. आणि १३ मे २०२१ रोजी हे अंतर बारा ते सोळा आठवडे झाले. नेमक्या त्याच सुमारास लशीचा तुटवडा होता. लसीकरण केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाने या दोन गोष्टींची सांगड घातली आणि 'माल नाही म्हणून मुदत वाढविली' असा निष्कर्ष काढला. वस्तुतः अंतर वाढविण्यास शास्त्रीय आधार होता : फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सहा आठवड्यांहून कमी अंतर असता परिणामकारकता ५५.१ टक्के, तर बारा आठवडे वा अधिक अंतर असता ८१.३ टक्के दिसून आली होती. तुटवड्याचा त्या निर्णयाशी संबंध मुळीच नव्हता असे मी म्हणत नाही. तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की, जानेवारीतच वाचकास 'चाचणीत निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या अंतराने दुसरी मात्रा मिळाली आहे. कोणते अंतर सर्वांत चांगले, हे अद्याप निश्चित झालेले नाही, तूर्त हे धरले आहे' असे सांगितले गेले असते, तर मे महिन्यातील बदल त्यास शब्द फिरविल्यासारखा वाटला नसता. अनिश्चितता लपविणारे लेखन त्या दिवसापुरते खपते. उद्या नवी माहिती आली की त्याची पंचाईत होते.

अनिश्चितता कशी लिहावी, हा खरोखरच अवघड भाग आहे. वरील ७०.४ टक्क्यांच्या पाठोपाठ मूळ निबंधात ५४.८ ते ८०.६ अशी मर्यादा दिलेली आहे. आमचे विद्यार्थी ती एक तर गाळतात, नाहीतर 'विश्वास-मर्यादा' असा शब्द टाकून मोकळे होतात. त्याऐवजी 'उपलब्ध पुरावा पाहता खरा आकडा पंचावन्नाच्या आसपास असणेही शक्य आहे व ऐंशीच्या आसपास असणेही शक्य आहे. सर्वांत जुळणारा अंदाज सत्तरीचा' असे लिहिले तर काय बिघडते? संख्याशास्त्राचे अध्यापक या वाक्यावर आक्षेप घेतील, आणि काटेकोर अर्थाने तो आक्षेप बरोबर असेल. परंतु या वाक्यातून वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र वस्तुस्थितीच्या जवळचे आहे. जो शब्द वाचकाच्या मनात काहीच उभे करीत नाही, त्याच्या काटेकोरपणाचा उपयोग येथे नाही.

'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय' या शब्दप्रयोगाने तर मराठी लेखनात फारच घोटाळा माजविला आहे. वाचक त्याचा अर्थ 'मोठा' असा घेतो. मूळ अर्थ एवढाच की, दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याचा संभव कमी आहे. फरक मोठा की लहान, याविषयी तो शब्द मौन पाळतो. शेतीविषयक लेखांत असे वाक्य आढळते : 'सदर आच्छादनाच्या उपयोजनाने मृदेतील आर्द्रतेच्या संधारणात सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय वृद्धी झाल्याचे निरीक्षणास आले.' हे मराठी नव्हे, देवनागरीत लिहिलेले इंग्रजी आहे. 'पाचट पसरलेल्या सरीत ओल अधिक दिवस टिकली, आणि हा फरक योगायोगाने पडण्यासारखा नव्हता' असे लिहावे. आणि मग किती दिवस, कोणत्या जमिनीत, हे सांगावे. पहिल्या वाक्यात हे दोन्ही प्रश्न विचारावे असे वाचकास सुचतच नाही, हा त्याचा खरा दोष.

उसाचा विषय निघालाच आहे, तर परिभाषेविषयी थोडे लिहितो. मराठीत शास्त्र लिहावयास शब्द नाहीत, ही तक्रार जुनी आहे. श्री. व्यं. केतकरांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, पुढे विश्वकोशाने आणि परिभाषा-कोशांनी मोठे कार्य केले. त्यामुळे विषाणू, प्रतिपिंड, पेशी यांसारखे शब्द आज वर्तमानपत्राचा वाचकही सहज वापरतो. तथापि सर्वच शब्द घडवावे लागत नाहीत, काही आधीच असतात. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू हे उसाच्या लागणीचे तीन हंगाम. लागण, खोडवा, बेणे, तुरा, वाढे, पाचट, बुडखा. यांतील प्रत्येक शब्द काटेकोर आहे, त्याचा अर्थ मांजरीपासून कोल्हापूरपर्यंत ठरलेला आहे, आणि 'खोडवा' या एका शब्दात जे येते ते सांगण्यास घडीव संस्कृत शब्दाला एक तळटीप जोडावी लागेल. 'लस' हा शब्दही असाच आहे. फोडातून वा जखमेतून झिरपणाऱ्या पातळ द्रवाला आपण लस म्हणत होतो. देवी टोचण्याची रीत आली तेव्हा हाच शब्द पुढे झाला, आणि आज प्रयोगशाळेत घडविलेल्या अत्याधुनिक औषधासही तोच पुरतो. शब्दाचा जन्म कोठे झाला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी आहे, हे पाहावे. विद्यार्थ्याने कोश उघडण्यापूर्वी ज्या लोकांत जाऊन काम केले त्यांना विचारावे. बहुधा शब्द तेथेच सापडतो.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की, आधी शास्त्रीय निबंध आणि मग त्याचे सुबोध रूप, हाच क्रम अटळ आहे. तसे नाही. याचे उत्तम उदाहरणही हडपसरच्याच रस्त्यावरचे आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी आणि देहूहून निघालेली तुकारामांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरपर्यंत येतात. तेथून एक दिवे घाट चढून सासवडकडे वळते, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. डेक्कन कॉलेजातील मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वारीत चालून जे पाहिले त्यावर 'वाटचाल' हा मराठी लेख लिहिला. तो 'परिपूर्ती' या त्यांच्या १९४९ च्या संग्रहात आहे. लेख सामान्य वाचकांसाठी. त्यात कोष्टक नाही, पूर्वसूरींची यादी नाही. दिंडीत एकत्र चालणारी, एकत्र भजन करणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले. त्याने आपणांस झालेला त्रासही त्यांनी लपविला नाही. पुढे १९६२ साली याच लेखाचे इंग्रजी भाषांतर 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले, आणि पंढरीच्या वारीचा अभ्यास करणारे परदेशी विद्वान आजही त्याचा आधार घेतात.

याचा अर्थ काय? मराठी वाचकासाठी लिहिलेला ललित वळणाचा लेख आधी, आणि त्याचे विद्वन्मान्य रूप नंतर, अशी उलटी वाटचालही होऊ शकते. ती का झाली याचा विचार केला असता असे दिसते की, कर्वेबाईंनी पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान यांची सरमिसळ होऊ दिली नाही. त्या 'मी' म्हणून लिहितात, तरी त्यांनी काय पाहिले हे वाचकास स्वतंत्रपणे तपासता येते. आपल्याकडे 'मी' टाळून कर्मणी प्रयोग केला की लेखन वस्तुनिष्ठ झाले अशी समजूत आहे. 'असे आढळून आले' या वाक्यात कोणाला, कोठे व किती वेळा आढळले हे तिन्ही झाकले जाते. वस्तुनिष्ठता याच्या नेमकी उलट आहे. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) हा इंग्रजी ग्रंथ आणि 'युगान्त' (१९६७) हे मराठी पुस्तक एकाच लेखणीतून उतरले. दुसऱ्याने पहिल्याचे वजन कमी केले असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही.

तरीही ही भीती विद्यापीठीय वर्तुळात खोलवर आहे. सुबोध लिहिणाऱ्याकडे सहकारी जरा साशंकपणे पाहतात. जयंत नारळीकरांची गोष्ट थोडी निराळी. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठी १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. नावाच्या वजनावाचून लेखन उभे राहते की नाही, हे पाहण्याची यापेक्षा चोख रीत नाही. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने ती अवलंबिली. आपल्या विभागांत मात्र लेखापेक्षा लेखकाच्या पदाची नोंद आधी होते.

विभागाच्या पातळीवर काय करता येईल, याविषयी एक लहानशी सूचना करतो. प्रत्येक प्रबंधास इंग्रजी गोषवारा असतो. त्याच्या जोडीला दोन पानांचे मराठी निवेदन असावे, आणि ते मार्गदर्शकाने नव्हे तर दुसऱ्या विभागातील एखाद्या अध्यापकाने वाचून 'मला हे कळले' असे लिहून द्यावे. रसायनशास्त्राचे निवेदन इतिहासाच्या अध्यापकाने वाचावे आणि इतिहासाचे रसायनाच्या. निवेदनात काय शोधले, कोठे व किती जणांत वा किती नमुन्यांत शोधले, काय सापडले आणि काय अद्याप सांगता येत नाही, एवढे यावे. 'या विषयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' यासारखी वाक्ये येऊ नयेत. टक्के आले की त्याच वाक्यात ते कशाचे, हेही यावे. क्षेत्रीय काम असल्यास निवेदनाची एक प्रत त्या ग्रामपंचायतीस, शाळेस किंवा दवाखान्यास धाडावी. टपालखर्च विभागाने सोसावा. तो फार येणार नाही.